मशीनला हात न लावणारा गुन्हेगार

पिंपरीपासून राजगुरुनगरपर्यंत खरी बुद्धी एकाच माणसाकडे आहे आणि तो माणूस स्वतःविषयी बोलायला फार लाजतो, म्हणून थोडक्यात सांगतो. मी उद्धवराव गावडे, खासगी गुप्तहेर. माझ्या हातून आजवर एकही गुन्हेगार सुटलेला नाही. सापडलेलाही नाही, असं माझा मदतनीस कोंडाजी म्हणतो. पण कोंडाजीला माझ्याखेरीज कुणी कामावर ठेवत नाही, तेव्हा त्याच्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा.

चिंचवडजवळच्या प्रभात कंदील कारखान्याचे जनरल मॅनेजर रंगराव यांनी मला तातडीनं बोलावलं. हे रंगराव नुकतेच विलायतेत राहून आले होते. येताना त्यांनी एक पाइप, एक रेनकोट आणि ‘परिवर्तन’ हा शब्द आणला. पाइप पेटत नसे, रेनकोट भर उन्हाळ्यातही अंगावरून उतरत नसे, आणि परिवर्तन दर सोमवारी कँटीनमध्ये कामगारांना खाली बसवून फळ्यावर काढून दाखवलं जाई. फळ्यावर बाणच बाण. सगळे रंगरावांच्या केबिनमधून निघून शेडकडे जाणारे. शेडकडून केबिनकडे येणारा एकही नव्हता.

“घातपात, उद्धवराव!” ते म्हणाले. “कंदिलाची बुडं काढायला मी जर्मन मशीन आणलं. हातोडीनं महिनाभर चालणारं काम दिवसात उरकेल. पण आल्यापासून त्यातून एक बूड बाहेर पडलेलं नाही! ही जुनाट माणसं अजून हातोड्याच आपटतायत. यांना बदल नकोच आहे. संध्याकाळी मालक दौलतराव मशीन बघायला येतायत. त्याआधी मला यांचा म्होरक्या हवा.”

“संशय कुणावर?”

“फोरमन दत्तोबा. त्याच्या बडतर्फीचा हुकूम टाइप करून तयार आहे. तेवढा पुरावा राहिलाय.”

अशी टापटिपीची माणसं मला आवडतात.

दत्तोबा कंपनीच्याच खोलीत राहत होता. नोकरी गेली की खोली जाणार, आणि म्हाताऱ्या आईसकट सगळं घर रस्त्यावर येणार. पण शास्त्रशुद्ध तपासात असल्या गोष्टींना जागा नसते.

मी शेडमध्ये जाऊन मशीनभोवती फेऱ्या मारल्या. समोर नारळ, लिंबू आणि वाळलेला झेंडूचा हार.

“करणी!” मी म्हणालो.

“पूजा हाय ती,” कोंडाजी म्हणाला. “नवं मशीन आलं की करत्यात.”

मी तिकडे दुर्लक्ष केलं, कारण मला मशीनच्या पुढ्यात आडवी बांधलेली फीत दिसली होती. “फितीचा रंग बघ! लाल! आता सांग, लाल रंग कुठल्या पक्षाचा?”

“माझ्या पोरीच्या येणीला बी आसलीच फीत हाय.”

“म्हणजे जाळं तुझ्या घरापर्यंत, थेट मोशीपर्यंत पसरलंय!”

मग मी भिंग काढलं आणि अंगावर काटा आला. मशीनवर बोटाचा एकही ठसा नव्हता. ठसे पुसून जाण्याइतका सराईत गुन्हेगार या कारखान्यात होता!

“वर धूळ हाय की बोटभर,” कोंडाजी म्हणाला. “ठसे पुसलं आसतं तर धूळ ऱ्हायली आसती का?”

“धूळ नंतर टाकली.”

कोंडाजीनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. आदरानं पाहत असावा.

रंगराव हुकूम घेऊन शेडमध्ये आले. दत्तोबाला समोर उभं केलं. उंच, शांत माणूस, हातात पत्रा कापायची कात्री.

“मशीनला काय केलंस?”

“काय न्हाई. हात बी लावला न्हाई.”

“बाकीच्यांनी?”

“त्यांनी बी न्हाई.”

“सगळ्यांची जबानी एकच! कुणी पढवलं?”

“पढवायचं काय त्यात? सायबांनीच तर पूजेच्या दिशी…”

“थांब! साहेबांवर ढकलू नकोस.” मी रंगरावांकडे वळलो. “झालं. कम्युनिस्ट, करणी करणारा आणि सराईत. तिन्ही एकाच माणसात आहेत. करा सही.”

रंगरावांनी पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात शेडमध्ये त्यांच्या पत्नी शालनबाई आल्या. अंगावर पैठणी, नाकात नथ.

“मालक येतायत असं शिपाई म्हणाला, तशी लगबगीनं निघाले,” त्या म्हणाल्या. “एकदाचं होतंय म्हणायचं उद्घाटन. मंत्र्यांचा दौरा रद्द झाल्यापासून ही पैठणी पेटीत पडून होती. बरं, फीत कोण कापणार?”

“कसली फीत?” रंगराव म्हणाले.

“अहो, ही काय! पूजेच्या दिवशी तुम्हीच नाही का ओरडलात, मंत्री फीत कापेपर्यंत मशीनला हात लावील त्याला नोकरीवरून काढीन म्हणून? मी हळदकुंकू लावायला पुढे झाले होते, तर माझ्यावरसुद्धा डाफरलात.”

शेडमधल्या हातोड्या थांबल्या.

“त्येच सांगत हुतो,” दत्तोबा म्हणाला.

“अरे, मग मंत्री आले नाहीत तेव्हा विचारायचं नाही का?” रंगराव उसळले.

“कवा इचारायचं? सोमवारी तुमी बोलता, आमी ऐकतो. मंग तुमी केबिनात जाता.”

ज्यानं हुकूम इमानानं पाळला, त्यालाच घरादारासकट रस्त्यावर काढायला निघालेला हा परिवर्तनाचा महर्षी! मला त्या माणसाची मनापासून किळस आली. अर्थात मला संशय होताच.

फाटकाशी मोटारीचा हॉर्न वाजला. दौलतराव आले होते.

“दत्तोबा, काप ती फीत! मशीन चालू कर, लवकर!” रंगराव ओरडले.

दत्तोबानं कात्री उघडली आणि तशीच धरून उभा राहिला.

“आदी माज्यावरचा आळ काडा. ह्या समद्यांच्या म्होरं.”

रंगरावांनी पाइप तोंडात घातला, बाहेर काढला. मोटार शेडच्या दाराशी येऊन थांबली.

“सॉरी,” ते पुटपुटले.

“मराठीत सांगा. समद्यांना कळू द्या.”

“माझं… माझं चुकलं, दत्तोबा.”

कात्री चालली. फीत खाली पडली, दत्तोबानं खटका ओढला आणि पहिलं बूड खणकन बाहेर आलं. मशीन मुळात ठणठणीत होतं. दौलतराव टाळ्या वाजवत आत आले, पण शेडमधला एकही माणूस त्यांच्याकडे बघत नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. दत्तोबासुद्धा.

मी टोपी चढवली आणि कोंडाजीला म्हणालो, “चल.”

कोंडाजी जागचा हलला नाही.

मग मीही दत्तोबाला तेच सांगितलं, चुकलं म्हणून. मराठीतच, पण मशीनचा आवाज मोठा होता म्हणून मला दोनदा सांगावं लागलं.