घरांचा ताप बघणारी हिराकाकी

आमची शेजारीण हिराकाकी कुणाकडेही गेली की चहापाण्याआधी भिंतीला गाल लावते. डोळे मिटते आणि निकाल देते. "तापलाय गो तुजा घर. निजतेस कशी?"

पेणला रामवाडीत तिच्या भाचीची वास्तुशांत होती. पाहुण्यांची पंगत बसलेली, आणि काकी नव्याकोऱ्या भिंतीला गाल लावून उभी. "याला ताप हाय," तिने सर्वांसमक्ष सांगून टाकलं. भाचीने बरेच दिवस अबोला धरला. काकीच्या ते लक्षातही आलं नाही.

धरमतर खाडीकाठच्या आमच्या गावात मी बालवाडी चालवते. पूर्वी ती पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. चैत्रात पोरं घामाने निथळायची, रडायची. आया त्यांना घरी न्यायच्या. बालवाडी बंदच पडायला आली. शेवटी नवी खोली बांधायचं ठरलं. गावसभेत सगळ्यांना स्लॅबच हवा होता. काकी उठली.

"पोरांना भाजायचाय काय? कूड घाला, वर कौलं घाला."

"काकी, कुडाचं घर बघून लोक हसतील," सरपंच म्हणाले.

"हसू देत. हसून दमले की आतच येऊन बसतील."

रोह्याहून आलेल्या आर्किटेक्ट मुलीने काकीची बाजू घेतली. फक्त पायाचं जोतं मातीचं नको म्हणाली. उधाणाचं पाणी चढतं. काकी कडाकडा भांडली, मग म्हणाली, "बरा, दगडाचा घाल. पण उंच घाल."

डोंगरावरच्या ठाकरवाडीतल्या लोकांनी कारवीच्या काठ्यांचे कूड विणले, आम्ही बायकांनी ते शेणामातीने लिंपले. सरपंचही चिखल तुडवायला उतरले. काकी काठावरून ओरडत होती, "नाचतोस काय? तुडव!"

खोली अशी गार झाली की पोरं घरी जायला तयार होईनात.

काकी स्वतः मात्र कुणाला घरात घ्यायची नाही, ओट्यावरूनच बोळवण करायची. एका दुपारी हाका मारूनही ती बाहेर आली नाही, म्हणून मी आत शिरले. वर स्लॅब, आत भट्टी. काकी ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसलेली.

"काकी, अगं हे घर तर..."

"गप. लेकानं बांधलाय. तिकडं परदेशात डबल शिफ्ट करून. त्याला नाव ठेवायचा नाय."

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "काकी, दुपारी पोरं निजत नाहीत. येशील काय निजवायला?"

आता रोज दुपारी ती पोरांच्या मधोमध आडवी होते. सगळ्यांत आधी तिलाच झोप लागते. लेकाचा फोन आला की तोंडावर पदर धरून कुजबुजते, "घरातच हाय रे बाला. काय गार वाटताय म्हणून सांगू!"