भोकाचा खुलासा

गोपाळरावांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि नेमकं तेच सरकारी होतं. 'नमुन्याच्या तळव्यास असलेले छिद्र हा मालाचा भाग आहे काय? खुलासा करावा.' एवढंच. त्याला पाच महिने झाले होते.

नागपुरात महालातल्या वहाणा शिवणाऱ्यांच्या सहकारी संस्थेचे ते चिटणीस. आधीची तीस वर्षं वाचनालयात गेलेली. माणसांपेक्षा पुस्तकांशी बोलणं बरं वाटायचं. खुलाशाचे त्यांनी अकरा मसुदे केले. अडचण अशी, की भोक पाडलं होतं दुसऱ्या एका सरकारी खात्याने. परदेशी फुकट जाणारा नमुना वाटेत कुणी विकू नये, म्हणून नियमच तसा होता. पण एका खात्याची चहाडी दुसऱ्याकडे करायची कशी? प्रत्येक मसुदा त्यांना उद्धट वाटे. शेवटी, डेस्क डुगडुगतो म्हणून पत्र जमत नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं. रुपराव कारागिराने डेस्कच्या पायाखाली चामड्याचा तुकडा सारला. डुगडुग थांबली. पत्र काही झालं नाही.

तिकडे नमुन्याची ती एकटी वहाण परदेशी व्यापाऱ्याला पसंत पडली आणि परत येऊन, लाखेची मोहर लागून, खुलासा मागणाऱ्या तपासणी कार्यालयात बसली. माल तिच्याबरहुकूम असेल तरच बाहेर जाणार. आठ घरांनी खपून दोनशे जोड शिवले. शनिवारी माल निघाला नाही तर ऑर्डर रद्द.

बुधवारी निरीक्षक आले. त्यांनी मोहर तोडली, नमुना उचलला आणि भोकातून गंभीरपणे पलीकडे पाहिलं.

"नमुन्याला छिद्र आहे. मालाला नाही. नापास."

"साहेब, ते भोक तं सरकारनंच पाडलं!" रुपराव म्हणाला.

"ते दुसरं खातं. आम्ही खुलासा मागितला होता. आला नाही, म्हणजे छिद्र तुम्हाला मान्य आहे."

सगळ्यांनी गोपाळरावांकडे पाहिलं. गोपाळरावांनी जमिनीकडे पाहिलं.

"मंग पाडा ना चारशेही वहाणांले भोकं," रुपरावची बायको पंचफुला म्हणाली. "आठ घरं तं जगतील."

"चाळीस वर्षांत माह्या हातून भोकाची वहाण गेली नाही वं!"

"अजूनही खुलासा चालेल," निरीक्षक बॅग आवरत म्हणाले. "पण पुराव्यासकट. आणि टपालानेच. हातोहात दिलेल्या कागदाला आमच्याकडे नंबर पडत नाही."

गोपाळराव चालतच त्या दुसऱ्या खात्यात गेले. तिथला कारकून म्हणाला, "आम्ही नमुन्याची नोंद ठेवतो. भोकाची नाही."

परतल्यावर ते डेस्कशी बसले आणि पहिल्यांदाच मोठ्याने बोलले, "चूक माझी आहे, रुपराव. पण भोक पाडलं याचा पुरावा आणू कुठून?"

"भोक पाडलं तवा मीच होतो ना तेथी. टिकली एवढी गोल पडली होती खाली. उचलून आणली म्या. चामडं काहून फेकाव?"

"मग ती कुठे आहे?"

रुपराव डोकं खाजवू लागला. पंचफुलाने कपाळावर हात मारला.

"तुमी दोघंही धन्य आहा गा! गोपाळभाऊ त्याच्यावरच टेकून बसून राहिले न पाच महिन्यांपासून!"

रुपरावने डेस्क उचलला. गोपाळरावांनी वाकून खालची टिकली काढली. जरा दबली होती, पण नमुन्याचंच चामडं, तोच रंग, काठाला तीच शिवणीची रेघ.

डेस्क पुन्हा डुगडुगू लागला. त्याच्यावरच गोपाळरावांनी बारावा मसुदा लिहिला. अक्षर वेडंवाकडं आलं. त्यांनी एकदाही खोडलं नाही.

'छिद्र हा मालाचा भाग नाही. छिद्रातला भाग सोबत जोडला आहे. बसवून पाहावा.'

टपालाची पेटी कोपऱ्यावरच होती. गोपाळरावांनी पाकीट आत सोडलं आणि सवयीने कान लावला. पत्र पडल्याचा आवाज त्यांना आजवर कधी ऐकू आला नव्हता. या वेळी आला. टप्.