नागेशपंतांची चार चाकं

पहिल्या भेटीत लोक नमस्कार करतात, नागेशपंतांनी माझं वजन सांगितलं. कल्याणात आम्ही त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं त्या दिवशी ते अंगणात आले, मला एकदा पाहिलं आणि माझ्या यजमानांना म्हणाले, "वहिनी एक मण अठरा शेर." मला राग आला. पुढे मी लाकडाच्या वखारीत गेले तेव्हा कोणी पुरुष नाही असं बघून तराजूत बसले आणि वखारवाल्याच्या बायकोला वजनं टाकायला लावली. एक मण अठरा शेर. तेव्हापासून मी त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेत नाही.

पंतांनी पंचवीस वर्षं आगगाडीच्या मालधक्क्यावर तोलणीचं काम केलं होतं. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकार, उतारू आणि माल. "उतारू की माल, ते आधी सांगा," असं ते कशालाही म्हणत. आठ दिवसांसाठी आलेला माझा भाचा उतारू. लोणच्याची बरणी माल. घराची कौलं परतून देईन हा आमच्या यजमानांचा शब्द मात्र उतारू, "आला नि गेला."

नोकरी सुटल्यावर त्यांनी एक बैलगाडी घेतली. बैल चांगले, खालचा लाकडी साटा मजबूत, फक्त गाडीला चाकं नव्हती. ती अंगणात चार दगडांवर बसून होती आणि भिंतीला चाकं टेकून ठेवलेली होती चार. एक जोडी ठाण्याच्या कुणा वकिलाच्या मोडक्या दमणीची, म्हणजे माणसं न्यायच्या हलक्या गाडीची, बारीक आऱ्यांची, वर दोन बोटं रुंद लोखंडी धाव. दुसरी भाताच्या गाड्याची, जाडजूड, चार बोटं धावेची. पुढे धर्मा सुतार दर दोन दिवसांनी येऊन एक जोडी काढी आणि दुसरी चढवी.

"पंत, गाडीला चाकं दोनच लागतात," धर्मा म्हणे.

"ठाऊक आहे. कुठली दोन, ते सांग."

"मानसं न्यायची का भात?"

"तेच तर ठरत नाही."

"मग चारी लावू. अख्खं कल्याण बघायला येल."

एवढा हिशेबी माणूस चाकांपाशी का अडला, हे कुतूहल मला स्वस्थ बसू देईना. मी सरळ विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी द्वारका मुरबाडच्या वाटेवर चार कोसांवर दिली होती. तिची आई मागेच गेलेली. द्वारकेचं पोट दोनदा राहिलं आणि दोन्ही वेळा गेलं, दुसऱ्यांदा तर माहेरी येताना भाड्याच्या गाडीत, वाटेतच. आता सातवा सरत आला होता. विहीणबाईंचा निरोप होता, धड गाडी आणाल तर न्या, नाहीतर ती इथंच राहील. तिथं करणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि विहीणबाईंचे गुडघे गेलेले; इथं निदान शेजारी मी होते.

"तर तुम्ही गाडीत बसा," पंत म्हणाले.

"मी?"

"तुमचं नि द्वारकेचं वजन आता सारखं असेल. हा तांब्या मांडीवर धरा."

तांब्या काठोकाठ भरलेला. गावाबाहेर खडीच्या रस्त्याला लागायचं आणि परत यायचं. हलकी चाकं मऊ चालत, पाणी फारसं सांडत नसे, पण खडीवर एक आरा कुरकुरे आणि पंतांचा चेहरा उतरे. "रानात मोडला म्हणजे?" जड चाकं मोडणार नाहीत हे बैलालाही कळत होतं, पण अर्धा तांब्या माझ्या लुगड्यावर आणि माझे दात एकमेकांवर. असे बारा दिवस गेले. आमचे यजमान म्हणाले, शेजारधर्मालाही काही सुमार असतो.

तेराव्या दिवशी सकाळी पाहते तो गाडीला जड चाकं आणि पंत घमेल्याने साट्यात वाळू भरताहेत.

"भावोजी, हे काय? बैल मरतील."

"रिकामी गाडी उडते, वहिनी. भरलेली बसून चालते. उभा जन्म धक्क्यावर हेच पाहिलं आणि बारा दिवस डोक्यात आलं नाही." वाळूवर त्यांनी हातभर पेंढा पसरला, त्यावर दोन गोधड्या. "बसा."

चार थेंब सांडले. त्यातले दोन माझ्या शिंकेने.

दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही निघालो. विहीणबाई ओसरीवरून उतरल्या आणि चाकांकडे बघून म्हणाल्या, "हा तर भाताचा गाडा. सून काय पोतं आहे?"

"तुम्ही बसून बघा," पंत म्हणाले.

विहीणबाई सहज अडीच मण होत्या. त्यांना वर चढवताना पंतांचे ओठ हलले. मी डोळे मिटून घेतले. पण शब्द बाहेर आला नाही. गावाला एक वळसा घालून गाडी परत आली. बाई उतरल्या, गुडघे चोळायला विसरल्या, म्हणाल्या, "न्या. आणि अशीच सावकाश न्या."

द्वारका माझ्याशेजारी पेंढ्यावर आडवी झाली. आधी दोन्ही हातांनी साट्याची कड घट्ट धरून होती, मैलभर गेल्यावर एक हात सुटला, मग दुसरा.

"निजली का?" पंतांनी विचारलं. ते बैलांपुढे चालत होते.

"निजली."

तिथून कल्याणपर्यंत ते बैलांशीसुद्धा बोलले नाहीत. खडी आली की वाकून मोठे दगड बाजूला टाकत आणि पुन्हा पुढे होत.

अंगणात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. द्वारका अजून झोपेतच. मी हलकेच उतरले आणि बैल सोडल्यावर गाडी पुढे कलू नये म्हणून जुवाखाली लावायचा टेकू उचलला. पंतांनी मान हलवली.

"टेकू लावताना धक्का बसतो," ते कुजबुजले. "तुम्ही बैल सोडा."

मी बैल सोडले. पंतांनी जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं.

"भावोजी, किती वेळ असे उभे राहाल?"

"उठेल ती आपण होऊन."

मी बैलांना पाणी दाखवलं, पंतांच्या घरात जाऊन चूल पेटवली, भाताचं आधण ठेवलं. भात शिजला तरी बाहेर काही हालचाल नव्हती. दारातून डोकावले. द्वारका कुशीवर वळली होती, आणि गाडी हलू नये म्हणून पंत तिच्यासरशी गुडघ्यात जरा वाकले होते.