छबुबाईचं लोणी आणि अठ्ठेचाळीस फूट पाणी

माझ्या हातून चूक होत नाही. हे मी गर्वानं सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो. आमच्या गावच्या पाणीवाटप सहकारी संस्थेचा मी एकोणीस वर्षं सचिव आहे. माझ्या कार्यवृत्तात कुणी एक खाडाखोड दाखवली, तर त्याला मी स्वतःच्या हातानं चहा करून पाजीन, असं मी दर वार्षिक सभेत जाहीर करतो. अजून कुणी चहा प्यायलेला नाही!

त्या वर्षी संस्थेकडे वाटायला पाणी सोडून सगळं होतं. पाऊस जूनमध्ये तोंड दाखवून गेला तो गेलाच. दिवाळीनंतर नेहमीप्रमाणे निम्मं गाव ऊसतोडीला निघून गेलं. मागे उरली म्हातारी माणसं, चार-दोन गुरं, कुलपं आणि मी. टँकर रोज एक खेप साठ फूट खोल विहिरीत ओतायचा आणि संध्याकाळपर्यंत आम्ही ती उपसून संपवायचो; तळाशी उरायचं ते दीड फूट गढूळ पाणी.

अशात उत्तरेश्वर आला. हा आमच्याच गावचा पोरगा, आता शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करतो. त्यानं जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र आणलं होतं. विहिरीवर लोखंडी दांडा आडवा बसवायचा, त्याला यंत्र उलटं टांगायचं. यंत्र खाली आवाज सोडतं, आवाज पाण्यावर आपटून परत येतो, आणि त्याला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती फूट आहे ते कळतं. मग सभासदांच्या मोबाईलवर आपोआप संदेश जातो.

"वटवाघूळ असंच उडतं, काका," उत्तरेश्वर म्हणाला.

"मग वटवाघूळच बांधायचं की दांड्याला," आमचे चेअरमन सुंदरराव म्हणाले. "ते चार्जिंग तरी मागत न्हाई."

मी मात्र पहिल्या दिवसापासून यंत्राच्या बाजूनं होतो. माझ्यासारखंच ते न चुकणारं. मी एकच अडचण काढली: रहाटाची बादली झुलत झुलत आवाजाच्या वाटेत आली तर? उत्तरेश्वर खूश झाला. त्यानं त्याचाही विचार केला होता. बादली हलते, पाणी एका जागी राहतं. सहा तास जे हललं नाही, तेच पाणी. माजलगावकडे कालव्याखालच्या अकरा विहिरींवर त्यानं हे करून पाहिलं होतं आणि यंत्र एकदाही फसलं नव्हतं. आता माजलगावकडच्या विहिरीत पाणीच असतं, दुसरं काही ठेवायला जागाच नसते, हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

संदेशांचा मजकूर लिहिण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. पाणी चार फुटांच्या खाली गेलं तर, 'टँकर पाठवावा.' वीस फुटांच्या वर गेलं तर, 'पाणी पुरेसे आहे.' तिसरा रकाना चाळीस फुटांच्या वरचा होता. उत्तरेश्वर म्हणाला, "तो कोरा सोडा. यंदा त्याची गरज लागत नाही."

कोरा रकाना मला सोसत नाही. समोर रस्त्यावर ओळीनं कुलपं दिसत होती. शाळेपुढच्या लिंबाखाली सकाळी बसायला माणूस नव्हता. मी लिहिलं: 'विहीर काठोकाठ भरली आहे. सर्व सभासदांनी गावी परत यावे. आपला, सचिव.' लिहून झाल्यावर दोनदा वाचलं. शुद्धलेखन बरोबर होतं.

आता छबुबाईचं सांगतो. छबुबाई माझी शेजारीण, सत्तरीची. एक गाय, एक पत्र्याची खोली आणि एक मुलगा, शहादेव. तो आणि सून ऊसतोडीला. एप्रिल उजाडला, तिकडं कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं. आता माणसं परत यायला हवीत. पण शहादेवानं फोनवर सांगितलं, की मुकादमाची अख्खी टोळी तशीच वीटभट्टीवर जाणार आहे. गावात येऊन प्यायचं काय? विहिरीला पाणी आलं की येतो.

छबुबाईनं ते वाक्य धरून ठेवलं. रोज सकाळी मला विचारायची, "अर्जुना, तुझं मशीन काय म्हणतंय?" मी म्हणायचो, दीड फूट. ती मान हलवून जायची, जसं काही दीड फूट हा माझा दोष होता.

एका मंगळवारी मी टँकरच्या मुदतवाढीसाठी पाटोद्याला तहसील कचेरीत गेलो होतो. टेबलामागचे बाबू अर्ज वाचत होते, तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. बरोबर बारा वाजले होते.

'विहीर काठोकाठ भरली आहे.'

खाली आकडा: अठ्ठेचाळीस फूट!

बाबूंच्या मोबाईलवरही तो संदेश जायचा; ती सोयसुद्धा मीच केलेली. त्यांनी मोबाईल पाहिला, माझं अभिनंदन केलं आणि टँकरच्या तक्त्यातून आमच्या गावावर पट्टी लावून सरळ रेघ मारली. बाहेर आभाळात कापसाच्या बोंडाएवढाही ढग नव्हता. मी सुंदररावांना फोन लावला.

"विहिरीत पाणी आलं," मी म्हणालो.

"मी विहिरीवरच उभा हाय. कुठंय पाणी?"

"अहो, तुम्ही नुसतं डोळ्यांनी बघताय. यंत्र मोजतंय."

 मग ते म्हणाले, "सेक्रेटरी, उन्हाचं फिरू नका. या घरी."

अडीच वाजता मी विहिरीवर पोचलो. उत्तरेश्वर आधीच वाकून बघत होता. यंत्राच्याच दांड्याला सुती दोर बांधलेला होता. दोराच्या टोकाला, बरोबर बारा फुटांवर, शिंकाळं. शिंकाळ्यात मडकं, मडक्यावर झाकण म्हणून पितळी परात. वारा नव्हता. परात तसूभरही हलत नव्हती. साठातून बारा गेले, अठ्ठेचाळीस. हिशोबात चूक नव्हती!

"इतका स्वच्छ सिग्नल मला माजलगावातसुद्धा मिळाला नव्हता," उत्तरेश्वर हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख किती आणि कौतुक किती, हे मला ठरवता आलं नाही.

आम्ही शिंकाळं वर ओढलं. मडक्यात लोणी होतं, पांढरंशुभ्र.

मी ते मडकं घेऊन छबुबाईच्या दारात गेलो. वाटेत बोलायचं सगळं ठरवलं होतं: संस्थेची मालमत्ता, संशोधनात अडथळा, टँकर बंद. छबुबाई अंगण सारवत होती. पाण्याचा तिच्या वाट्याचा तांब्या तिनं त्या शेणात ओतला होता.

"का वर काढलं ते?" ती म्हणाली. "घरात पत्रा तापतो, लोण्याचं पाणी होतंय. आड आपला गार. दांडा चांगला बसवलाय तुमी, निस्ता त्याला दोर अडकवायला आकडा न्हाई, तेवढं चुकलंय."

"इतक्या वर का टांगलं?" मी विचारलं. आता या प्रश्नाला काही अर्थ होता का? पण मला तोच सुचला.

"मला म्हातारीला याच्याहून खोल ओढवत न्हाई. आठ दिसाचं लोणी हाय. भट्टीकडं कुणी जाणारं भेटलं तर धाडावं म्हणलं." मग ती कंबर सरळ करून उभी राहिली. "आता धाडायला नको. मगाशी आडावर गेले तवा शहादेवाचा फोन आलता. संध्याकाळच्या आत निघतो म्हणला. विहिरीला पाणी आलंय म्हणं. तुझाच कागुद गेलाय न्हवं?"

मी हो म्हणालो. सचिवाला सही नाकारता येत नाही.

परत विहिरीवर आलो आणि मोबाईलवर खुलासा लिहिला. चार ओळींचा. 'तांत्रिक कारणामुळे पाणीपातळीचा आकडा चुकीचा गेला आहे. सभासदांनी येऊ नये.' शेवटचं वाक्य लिहायला वेळ लागला. ते सरळ वाक्य आहे, त्यात जोडाक्षरंही फारशी नाहीत, तरी लागला.

खुलासा सभासदांना पोचला तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. टोळीचा ट्रक साडेचारलाच सुटला होता. भट्टीसाठी सामान भरून उभाच होता तो, नुसतं तोंड फिरवलं. मुकादम म्हणाला म्हणे, आता निघालोय तर गाव बघूनच जाऊ.

सकाळी ट्रक आला. एक्केचाळीस माणसं, सात शेळ्या, कोंबड्यांची खुराडी, एक कुत्रं. सगळी थेट विहिरीवर. कठड्याला रांगेनं छात्या टेकवून सगळ्यांनी एकदम खाली पाहिलं. तळाशी दीड फूट पाणी होतं आणि त्यात एक्केचाळीस डोकी दिसत होती. मी संस्थेच्या वतीनं दोन शब्द बोलायला घसा साफ केला.

"काका," शहादेव म्हणाला, "पाणी कुठंय?"

मी उत्तर देण्याआधी छबुबाई मागून आली आणि तिनं त्याच्या दंडाला धरलं.

"आधी घरी चल. पाणी कुठं पळून चाललंय?"

त्या दिवशी गावात तेरा कुलपं निघाली. टँकर तक्त्यावर परत चढायला दोन दिवस लागले. एकदा मारलेली रेघ पुसायला वेगळा अर्ज असतो. ते दोन दिवस गाव जगलं ते ट्रकमधल्या चार पिंपांवर. टोळीनं ती नेहमीच्या सवयीनं वाटेत एका कालव्यावर भरून घेतली होती. म्हणजे विहिरीनं नाही, पण संदेशानं गावात पाणी आणलं, असं मी सभेत मांडून पाहिलं. कुणी अनुमोदन दिलं नाही.

चार दिवस लिंबाखाली बसायला जागा मिळत नव्हती. छबुबाईच्या दारात शहादेव भाकरीवर लोणी घेऊन बसायचा, आणि ती भाकरीकडे न बघता त्याच्याकडे बघायची. पाचव्या दिवशी ट्रक भट्टीकडे गेला. तेरा कुलपं परत लागली.

संस्थेनं ठराव करून तिसरा रकाना कोरा केला. उत्तरेश्वरनं संशोधनाच्या अहवालात 'अडथळ्याचे स्वरूप' या मथळ्याखाली 'लोणी' असं लिहिलं आणि आता परात आणि पाणी यांतला फरक यंत्राला शिकवण्यात तो गुंतला आहे. छबुबाईनं मला विचारलं, की आकडा कधी बसवतोस? मी म्हणालो, विचाराधीन आहे.

जाण्याआधी उत्तरेश्वर माझ्याजवळ आला. त्याच्या यंत्रात प्रत्येक संदेशाची वेळ नोंदलेली असते, आणि मी लिहिलेल्या मसुद्याचीसुद्धा.

"काका, खुलासा तुम्ही तीनलाच लिहून ठेवलेला दिसतो. ट्रक साडेचारला सुटला. मग पाठवला साडेसहाला कसा?"

"रेंज नव्हती," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि पुढं काही विचारलं नाही. पोरगं गुणी आहे.

आमच्या गावात रेंज एकाच ठिकाणी येते. विहिरीच्या कठड्यावर. मी साडेसहापर्यंत तिथंच बसलो होतो.

चहापत्तीचा पुडा आणून ठेवला आहे.