समुद्राचं अळणी पाणी

"समुद्र गोड करून दाखवतो!" महिपती मास्तरांनी पारावर जाहीर करून टाकलं. मंद्रूपपलीकडच्या त्या गावात समुद्र पाहिलेला माणूस औषधालासुद्धा नव्हता, तरी सगळ्यांनी माना डोलावल्या!

साल त्र्याहत्तरचं. दुष्काळ नुसता मी म्हणत होता. गावची विहीर इतकी खारी झालेली की जनावरं तोंड लावीनात. मास्तरांची बायको गोजरबाई दीड कोसावरच्या मळ्यातून घागर आणायची. तेही मचूळच, पण जन्माची सवय! तालुक्याचे साहेब म्हणाले होते, "तुमच्या त्या उन्हाच्या पेटीनं समुद्राचं पाणी पिण्याजोगं करून दाखवा, गावाला तसल्या पंचवीस पेट्या मंजूर करतो."

मास्तरांनी कंडक्टरशी तीनदा भांडून रत्नागिरीहून एसटीनं डबाभर समुद्र आणला. काळ्या पत्र्याच्या पेटीत ओतला, वर तिरकी काच बसवली. उन्हानं वाफ व्हायची, काचेवरून थेंब ओघळायचे. आठ दिवसांत तांब्या भरला. मास्तरांनी थेंबभरही चाखलं नाही. सगळं साहेबांसाठी!

साहेब आले. गोजरबाईनं लखलखीत पेला पुढं केला. साहेबांनी घोट घेतला आणि थेट अंगणात चूळ टाकली!

"मास्तर, हे तर खारट आहे!"

"अशक्य!" मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला.

दाराआडून गोजरबाई म्हणाली, "अवो, म्या चाखून बगितलं तर पार अळणी! पाव्हण्याला तसलं द्यायचं व्हय? मूठभर मीठ घातलं की तांब्यात!"

"मूठभर?" मास्तर किंचाळले. "अगं, घात केलास! आता तुझी घागर काय सुटत न्हाय डोक्यावरची!"

"मी कागदावर लिहू काय?" साहेब तडकले. "पाणी गोड होतं, बाईंनी खारट केलं?"

मास्तर हातापाया पडले. मग भर उन्हात साहेब, मास्तर आणि निम्मं गाव त्या पेटीकडं टक लावून बसलं. टप्... टप्... कुणी शिंकायला तयार नाही! दुपार कलली तेव्हा कुठं अर्धा पेला जमला. दोन घोट पिऊन साहेब हसले.

"गोड! पेट्या मंजूर!"

गोजरबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "सुटले गं बाई!" म्हणत तिनं रिकामी घागर कोपऱ्यात पालथी घातली.

जीपची धूळ बसली. मास्तरांनी ऐटीत पेल्यातला उरलेला घोट तोंडात घेतला, घोळवला, कसाबसा गिळला. इकडं तिकडं बघितलं आणि हळूच विचारलं,

"गोजर... मिठाचा डबा कुटं ठेवलायस गं?"