देवीला बोललेला कोंबडा

सानपाड्याचे चांगदेव कोपरखैरण्याला आले, की काशीच्या परसातल्या कोंबड्या आपसूक खुराड्यात शिरायच्या. चांगदेव म्हणजे काशीच्या लेकीचे, पुतळीचे सासरे. माणूस बोलायला गोड. सुनेची खुशाली सांगायला म्हणून यायचे, ते नेमके जेवणाच्या आधी, आणि ओटीवर टेकायचं सोडून थेट परसात जाऊन उभे राहायचे. कोणत्या कोंबड्यानं किती अंग धरलंय, हे त्यांना लांबूनच कळायचं.

आता काशीचं परस म्हणजे ऐऱ्यागैऱ्याचं परस नव्हतं. अंडं उन्हाला धरून त्यात जीव आहे की नाही ते ती सांगायची, आणि सांगितलेलं खोटं ठरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. गावातली कोंबडी खुडूक झाली, की तिच्याखाली घालायला अंडी न्यायची ती काशीकडचीच. पण गेल्या पावसाळ्यात कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली आणि चांगलं भरलेलं परस धुऊन घेऊन गेली. मागं राहिल्या चार-दोन कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा. तेवढ्यावर काशीनं पदर खोचला. पिल्लं निघाली, वाढलीही, पण त्यातल्या नरांना अजून धड आरवता येत नव्हतं. तोवर तांबडा गेला असता, तर अंडी नुसती कालवणात टाकायच्या लायकीची राहिली असती, आणि हे तिच्या नवऱ्याला, गोटीरामला, दहादा सांगून झालं होतं.

आणि माघातल्या एका दुपारी चांगदेव परसात उभे असताना गोटीराम म्हणाला, "काशे, तांबडा धर."

व्याह्याच्या ताटात वाळलेला बोंबील वाढला तर पुतळीला सासरी बोलणी बसणार, हे काशीला कळत होतं. पण म्हणून काय तांबडा द्यायचा? तिनं हातातली चूल फुंकायची नळी खाली ठेवली आणि पापणीसुद्धा न हलवता सांगितलं, "तो धरायचा नाय. देवीला बोललाय तो."

"कवा?"

"तुमच्या गुडघ्यासाठी."

आता या गुडघ्याचं सांगायलाच हवं. खाडीच्या भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून दरवर्षी गावानं मिळून बांध घालायचा, घरटी एका माणसानं चिखलाच्या पाट्या वाहायच्या, अशी रीत होती. गोटीरामचा गुडघा वर्षभर गुण्यागोविंदानं नांदायचा आणि नेमका बांधाच्या दिवसांत धरायचा. काशी बिचारी इतकी वर्षं त्याला तेल चोळत आली होती.

बायकोनं आपल्यासाठी नवस बोलला, आणि तोही जिवापाड जपलेल्या कोंबड्याचा, हे ऐकून गोटीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगदेवांच्याही आलं, पण ते वेगळ्या कारणानं. त्या दिवशी त्यांनी बोंबलावर भागवलं आणि जाताना तांबड्याकडे एकदा वळून पाहिलं.

गोटीरामच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. दिवेलागणीच्या आत नवसाची बातमी अख्ख्या गावाला कळली, आणि तिथून तांबड्याचा राजयोग सुरू झाला. देवीच्या कोंबड्याला खडा कोण मारणार? त्याला शुक्‌सुद्धा कुणी म्हणेना. हे त्याला दोन दिवसांत उमगलं. तो कुणाच्याही ओटीवर चढायचा, कुणाच्याही सुपात तोंड घालायचा. शेजारच्या सखूनं कोलंबीसारखा बारीक जवळा वाळत घातला, की हा त्याच्या मधोमध उभा राहून जेवायचा, आणि सखू बाजूला हात जोडून उभी. मग संध्याकाळी काशीच्या दारात येऊन म्हणायची, "देवीचा हाय म्हनून बोलत नाय गो मी. पन तुझी देवी जवला लय खाते."

काशी वरवर लाज वाटल्यासारखं करायची आणि आत जाऊन पोटभर हसून घ्यायची. तांबडा वाचला होता, आणि वर त्याचा दाणाही फुकट झाला होता.

पण नवस म्हणजे दोन टोकांची दोरी. तिचं दुसरं टोक गोटीरामच्या गुडघ्याला बांधलेलं होतं. फाल्गुनात बांधाचं काम निघालं तसा धर्मा भगत दारात आला. देवीची पूजाही त्याच्याकडे आणि बांधाची माणसं गोळा करायचं कामही त्याच्याकडे. गोटीरामनं सवयीनं गुडघा धरला. धर्मानं त्याच्याकडे नीट बघितलं आणि शांतपणे विचारलं, की देवीला कोंबडा बोललाय आणि अजून दुखतंय, म्हणजे आपली देवी पावत नाही असं तुझं म्हणणं आहे काय. चार माणसं ऐकत होती. एवढं बोलायची छाती कुणाची? गोटीराम उठला, चार पावलं चालून दाखवली, आणि दुसऱ्या दिवसापासून चिखलाची पाटी डोक्यावर घेऊन बांधावर चढू लागला. रोज घरी येताना पाठीचा कणा वाकलेला असायचा, पण गुडघ्याचं नाव काढायची सोय नव्हती. निम्मा बांध झाला तेव्हा जत्रा तोंडावर आली. उरलेला जत्रेनंतर घालायचा ठरलं.

गुडघा बरा झाला, म्हणजे नवस फेडायला हवा. ढोल वाजायला लागले तशी काशी खुराड्यापाशी जाऊन तांबड्याकडे बघत बसली. व्याह्यापासून वाचवलेला कोंबडा ती आता आपल्या हातानं देवळात नेणार होती. खोटं बोललं म्हणावं तर देवीच्या नावानं खोटं बोललेली बाई म्हणून गाव दारात उभं करणार नाही, आणि पुतळीचं सासर तर मुळीच नाही.

पण हरेल ती काशी कसली. देवीची रीत तिला ठाऊक होती. कोंबड्याला हळदकुंकू लावून पुढ्यात तांदूळ टाकायचे. त्यानं टिपले तर देवीनं मान्य केला, नाही टिपले तर नाकारला. काशीनं विचार केला, की देवीचं मन आपल्याला कळत नाही, पण कोंबड्याचं पोट कळतं. जत्रेच्या दिवशी उजाडताच तिनं तांबड्याला मांडीवर घेतलं आणि मऊ भाताचे गोळे भरवले, तो मान फिरवीपर्यंत.

देवळापुढं सगळं गाव जमलं होतं. चांगदेवही आले होते, पुढच्या रांगेत. धर्मानं तांदूळ टाकले. तांबड्यानं एकदा खाली बघितलं, एक डोळा मिटला आणि तसाच उभा राहिला. धर्मानं पाणी शिंपडलं, तांदूळ बदलले, गाऱ्हाणं घातलं. तांबडा ढिम्म. शेवटी धर्मा दोन पावलं मागं सरला आणि म्हणाला, "देवी घेत नाय."

काशीचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. गर्दीतून चांगदेव पुढं झाले आणि गोड आवाजात म्हणाले, "म्हंजे आता तो देवीचा नाय ऱ्हायला. मग विहीनबाय, आज मुक्कामाला ऱ्हावं म्हनतो."

काशीनं खाली वाकून तांबड्याला उचललं, पदरानं त्याचं कुंकू पुसलं आणि व्याह्यापुढं धरलं.

"न्या की. देवीनं ज्याला तोंड लावलं नाय, ते तुमाला चालत असंल तर आमी नाय कशाला म्हनू?"

चांगदेवांनी पुढं केलेला हात हळूच आपल्या टोपीकडे नेला, टोपी सारखी केली, आणि पुतळी वाट बघत असेल असं काहीसं म्हणून सानपाड्याची वाट धरली.

घरी परतताना तांबडा काशीच्या काखेत होता. गळ्याखालची पिशवी हाताला दगडासारखी लागत होती. एवढा भात आपण घातला नव्हता, असं तिला वाटतंय तोच कोंबड्यानं मान झटकली आणि चोचीतून ओला जवळा बाहेर टाकला. काशी थांबली. मागं वळून बघते, तर गोटीराम लंगडत येत होता.

"जवला कुनी घातला याला?"

गोटीराम जमिनीकडे बघत म्हणाला, "सकाली मीच. तू पान्याला गेलीस तवा."

"का?"

"देवीनं नाकारला, म्हंजे नवस फिटला नाय. नवस फिटला नाय, म्हंजे..." आणि त्यानं गुडघ्यावर हात ठेवला. बांध अजून निम्मा राहिला होता.

इतक्या वर्षांचं तेल काशीच्या डोळ्यांपुढून वाहून गेलं. खोटा गुडघा आणि त्याच्यासाठी खोटा नवस. देवीनं नाकारला यात देवीचं काय चुकलं? तिला राग आला आणि हसूही आलं, पण तिनं दोन्ही गिळलं.

"दुखतंय ना? मग दुसरा नवस बोलते," ती म्हणाली. "आता कोंबडा नको. तुमचा गुडघा बरा व्हईस्तोवर आपल्या घरात म्हावरा शिजनार नाय. मासली नाय, सुकटसुद्धा नाय. बोलू?"

गोटीरामनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा तांबड्याकडे. मग पाय सरळ टाकत तो दोघांच्याही पुढं निघाला. दुसऱ्या दिवशी बांधावर पहिली पाटी त्याची पडली.