गमरेभाऊंच्या कमरेचा पट्टा

या, अशा जवळ या. आणि तो फोन ठेवा बघू उलटा करून. इतक्या दिवसांनी उगवलात, आणि मान खाली घालून बोट फिरवत बसणार असाल तर मी काय भिंतीशी बोलू? पाय वर घ्या, बसा नीट. माझ्या अंगात काही आज फार उठबस करायचं त्राण नाही. पहाटे पाण्यासाठी उठले ती उठलेच. चहा उकळतोय तोवर आमच्या गमरेभाऊंचं सांगते.

गमरेभाऊ माझ्या बरोब्बर वरच्या घरात राहतात. त्यांना "चहा घेणार का?" असं विचारलं तर ते हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. "पूर्णपणे सहमत," म्हणतात. साखर कमी पडली तर "काही अंशी असहमत." माझ्या सुनेने एकदा मोठ्या हौसेने ओट्सचा उपमा करून दिला. भाऊंनी दोन घास खाल्ले, डोळे मिटून गिळले आणि म्हणाले, "तटस्थ." सून अजून फुगलेली आहे.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये टाकी आणि जिन्यावरून हमरीतुमरी चाललेली. सेक्रेटरी ओरडले, "गमरे, टाकी साफ करून जिना रंगवायचा की नाही, एकदाचं सांगा!" हे शांतपणे उठून म्हणाले, "प्रश्न चुकलाय. एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत. असं चालत नाही." मीटिंग तिथेच मोडली. टाकी अजून तशीच आहे.

ही भाषा त्यांची जन्माची नव्हे हो. आयुष्य गेलं इथल्याच, मानपाड्याच्या रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात. रिटायर झाले आणि लगेच शालनवहिनी गेल्या. मुलगा-सून बंगळूरला. रविवारी मुलाचा फोन येतो, तोही तो गाडी चालवत असतो तेव्हा. मग एकदा गुडघा दुखतो म्हणून भाऊ ठाण्याला, माजिवड्याच्या पुढे एका विद्यापीठाचं हॉस्पिटल आहे तिथे गेले. तिथल्या मुली म्हणाल्या, "आजोबा, आमच्या संशोधनात भाग घ्याल?" त्यांना चालवलं, वाकवलं, गुडघा मोजला, फॉर्मवर सहमत, असहमत, तटस्थ अशा खुणा करून घेतल्या, वर चहा-बिस्किट दिलं. परत आले तेव्हा चेहरा असा, जसं काही वरातीतून मिरवून आणलंय. जिन्यातच मला म्हणाले, "वहिनी, मी सॅम्पल झालो!"

त्यानंतर हा माणूस काही थांबला नाही. त्याच विद्यापीठातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनी तळपायाला वायरी लावल्या. बिझनेसवाल्यांनी विचारलं, चांगली काठी मिळाली तर किती रुपये द्याल? हे म्हणाले, "फुकट दिलीत तर विचार करीन." तेसुद्धा त्यांनी लिहून घेतलं म्हणे. आणि आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी नुसतं कण्हलं तरी भाऊ दारात हजर: "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" मी एकदा वैतागून म्हटलं, "गुडघा सात, आणि तुमचा हा प्रश्न नऊ." त्यावर मान डोलावून म्हणाले, "स्पष्ट उत्तर. आवडलं."

मग आला तो पट्टा. डॉक्टरवाले, इंजिनिअरवाले आणि बिझनेसवाले अशा तिघांनी मिळून काढलेला. म्हातारं माणूस पडलं की कमरेच्या पट्ट्याला कळणार आणि घरच्या माणसाच्या फोनवर निरोप जाणार. हे सगळं बघणारी ऋतुजा, विठ्ठलवाडीची मुलगी. पीएचडी करते. काडीसारखी, डोळ्यांखाली काळं, खांद्याला तिच्यापेक्षा जड बॅग. भाऊंच्या पट्ट्यात मुलाचा नंबर घातला होता, पण तो मीटिंगमध्ये असला की उचलायचा नाही. म्हणून तिने स्वतःचाच घातला.

थोडे दिवस बरे गेले. मग रोज संध्याकाळी वरून आवाज यायला लागला. धप्प! माझी भांडी हलायची. मी जिन्यात गाठून म्हटलं, "भाऊ, काय कुटता हो रोज?"

"व्यायाम, वहिनी. संशोधनाचाच भाग आहे."

कोपर काळंनिळं झालेलं. मी मलम दिलं. घेतलं, वर म्हणाले, "दुखणं दोन. काळजी नको."

तिकडे ऋतुजाचा जीव टांगणीला. इतरांचे पट्टे गप्प, आणि भाऊंचा रोज बोंबलतो. ती फोन करते तर भाऊ ठणठणीत! इंजिनिअरिंगचा पोरगा येऊन पट्टा घेऊन गेला, आठवडाभर तपासला, परत आणून लावला. त्याच संध्याकाळी पुन्हा बोंब. पोरगा रडकुंडीला आला. "काका, आमच्याकडे नीट चालतो. इथे आला की बिघडतो."

भाऊ म्हणाले, "इथली हवाच तशी आहे रे. कारखान्यांचा वास किती येतो बघ."

मागच्या महिन्यात मग सगळेच आले. ऋतुजाचे सर, ती, तो पोरगा आणि टाय लावलेला एक बिझनेसवाला. भाऊंच्या घरात एवढी माणसं मी शालनवहिनींच्या दिवसकार्यानंतर पहिल्यांदा पाहिली. मी गुडघा धरत धपाटे नि दही घेऊन वर गेले आणि तिथेच बसले.

सर वाईट नव्हते, दमलेले होते. चष्मा पुसत म्हणाले, "ऋतुजा, रोज खोटा निरोप देणारं यंत्र मी पुढे पाठवू शकत नाही. पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

तिच्या हातात धपाट्याचा तुकडा तसाच. एवढी वर्षं घातलेली पोर, तिला रडायलाही जोर नव्हता.

भाऊ तिच्याकडे बघत होते. मग खुर्चीचा हात धरून उठले. "सर, यंत्र बरोबर आहे."

"काका, तुम्ही राहू द्या. तो टेक्निकल भाग आहे."

"राहू कसं द्या? पडतो तो मी आहे." असं म्हणाले आणि पलंगाकडे पाठ करून उभे राहिले. आम्हाला काही कळायच्या आत त्यांनी अंग सोडून दिलं. मागच्या मागे. धप्प!

मी किंचाळले. आणि ऋतुजाच्या हातातला फोन वाजला.

ती पोर हातभर अंतरावर बसलेली. पण सवयीने तिच्या तोंडून आलंच, "काका, लागलं नाही ना?"

भाऊ पलंगावर पडल्या पडल्या छताकडे बघत म्हणाले, "हेच. हे ऐकायला."

मग तो इंजिनिअरिंगचा पोरगा एकदम उठला. "सर! म्हणजे पट्टा रोज खरं सांगत होता! काका जितक्या वेळा पडले, तितक्या वेळा त्याने ओळखलं!" बिझनेसवाला पुढे सरकून म्हणाला, "सर, मग नंतर येणारा फोनच विकता येईल का?" सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने निमूट दह्यात चमचा घातला.

ऋतुजाने भाऊंना हात देऊन उठवलं. रागावली होती, डोळे भरले होते, सगळं एकदम. "काका, मणका मोडला असता म्हणजे? मला सरळ फोन करायचा ना!"

भाऊ खाली बघत म्हणाले, "करून काय सांगायचं? तू कामात. फोन करायला काहीतरी कारण लागतं गं."

सरांनी हळू आवाजात सांगितलं, नियमाप्रमाणे तुम्हाला यातून काढावं लागेल. भाऊंनी स्वतःच पट्टा सोडला, रुमालाने पुसला आणि तिच्या हातात दिला. ती जिना उतरायला लागली तेव्हा वरून म्हणाले, "रात्री काही खाऊन झोप. चहावर नको."

ती खालच्या पायरीवर थांबली. मला ऐकू आलं. म्हणाली, "मला हे दुसरं कुणी सांगत नाही, काका." आणि गेली. तिचं काम पुढे सरकलं, सरांनी मान्य केलं. तिचा मेसेज येतो मधूनमधून. यायला तिला वेळ होत नाही, आणि मी तिला दोष देत नाही.

भाऊ आता गॅलरीत बसतात. मी बोलवते खाली, पण कारणाशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही हा त्यांचा बाणा. मग मी रोज काहीतरी कारण काढते. मिक्सर बिघडला म्हणते, वीजबिल वाचून दाखवा म्हणते. पण मी एकटी म्हातारी रोज किती कारणं काढणार हो? दमते मीही.

घ्या, चहा घ्या. आणि आता आलात तसे पुन्हा लवकर या, फार दिवस लावू नका. माझ्याकडे नंतर, आधी एक जिना जास्त चढा. दार वाजवा आणि बसा त्यांच्यासमोर. कशाला आलात असं विचारतीलच ते. तेव्हा सांगा, सहज.